आईंचा सा

डॉक्टरांनी आईंना विचारलं, "शंभरातून सात गेले, किती उरले?" आई म्हणाल्या, "त्र्याण्णव." "त्यातून आणखी सात?" आई थांबल्या. माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "आता घरी जाऊ या." मग कागदावर घड्याळ काढायला दिलं. वर्तुळ सुरेख निघालं. आकडे मात्र सगळे उजव्या अंगाला दाटीवाटीने बसले आणि काटे राहूनच गेले.

ही २०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्याआधीची दोन वर्षं आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांच्या "वय झालंय, चालायचंच" या वाक्यावर काढली, त्याची खंत मला अजून आहे. बी-१२, थायरॉइड, मेंदूचा एमआरआय असं सगळं झालं आणि अल्झायमर हे नाव घरात आलं. डोनेपेझिलची गोळी सुरू झाली. ती आजार थांबवत नाही, काही काळ थोडा आधार देते, हे या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या स्पष्टपणाबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजाच्या एका गल्लीत. मी सांगलीची, १९९१ साली लग्न होऊन ग्वाल्हेरला आले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र इथल्याच. १९४१ चा जन्म, माहेर-सासर दोन्ही महाराज बाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

निदानानंतर महिन्याभरात थंडी पडली. डिसेंबरात इथे मटार स्वस्त होतो आणि आमच्याकडे पाच-पाच किलो एकदम येतो. आई अंगणात उन्हाला बसून शेंगा सोलत होत्या. सोलता सोलता हात थांबला आणि उजव्या हाताची बोटं परातीच्या काठावर पडायला लागली. मला वाटलं, चाळा आहे. त्या दिवसांत त्यांना असे बरेच चाळे लागले होते, पदराच्या घड्या घालणं, चादरीची शिवण उसवणं. मी म्हणणार होते, "आई, राहू द्या." तेवढ्यात शेजारचे काका वर्तमानपत्र परत द्यायला आले आणि दारातच उभे राहिले. काकांनी उभा जन्म तबल्यावर काढलाय.

"वहिनी झपताल धरताहेत," ते म्हणाले. "बघ, खालीसुद्धा दाखवताहेत."

मग मी बघितलं. दोन, तीन, दोन, तीन, अशा दहा मात्रा. पहिलीला, तिसरीला आणि आठवीला हात परातीवर पडत होता. सहाव्या मात्रेला, जिथे खाली, म्हणजे टाळी न देण्याची मात्रा, येते, तिथे आईंचा तळहात उताणा होऊन अलगद बाजूला जात होता. एकदाही चुकला नाही. काकांनी हळूच बोल धरले, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन आवर्तनांनंतर आईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "भाऊजी, लय वाढवू नका."

त्र्याण्णवातून सात वजा न होणाऱ्या बाईने काकांची चूक पकडली होती. लय खरंच चढली होती, काकांनी कबूल केलं.

आई लग्नाआधी चार वर्षं माधव संगीत महाविद्यालयात शिकल्या होत्या, हे मला माहीत होतं. १९१८ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी संगीततज्ज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली काढलेलं हे विद्यालय. लष्करातल्या मराठी घरांतल्या कितीतरी मुलींनी तिथे सा लावलाय. पण लग्नानंतर त्यांचं गाणं चैत्रगौर आणि गणपती एवढ्यापुरतं उरलं. मी तीस वर्षांत त्यांना तानपुरा हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं. म्हणून असेल, मी गाण्याचा विचारच केला नव्हता. तो परातीने सुचवला.

पहिल्या दोन महिन्यांत मी बहुतेक सगळं चुकीचं केलं. पुण्याच्या भाच्याने भारी हेडफोन पाठवले, ते मी कानावर चढवले. आई दचकल्या, दोन्ही हातांनी ओढून काढले आणि संध्याकाळभर "डोक्यात कोण बोलतंय" म्हणत राहिल्या. मग मोबाइलवरून गाणी लावली. दर दोन गाण्यांनंतर कर्कश जाहिरात येई आणि शांत झालेला जीव पुन्हा घाबरा होई. मग जुन्या सिनेमातल्या गाण्यांचा सबंध संच आणून दिवसभर लावून ठेवला. आजारी माणसासाठी संगीत म्हणजे दिवसभर काहीतरी वाजतं ठेवायचं, अशी माझी समजूत होती. आई चिडचिड्या झाल्या. एका बाजूला गाणी, एका बाजूला टीव्ही, मधून कुकरची शिटी. ज्याचा मेंदू एका वेळी एकच आवाज कसाबसा उलगडतो, त्याला हा सगळा कालवा कसा सोसायचा?

सगळ्यात मोठी चूक तर कानाची. मार्चमध्ये काका म्हणाले, "वहिनी डाव्या बाजूने बोललेलं पकडत नाहीत, कान दाखवा." दाखवला. दोन्ही कानांत मळाचे खडे निघाले. डॉक्टरांनी ते काढले आणि दुसऱ्या दिवशी आईंनी विचारलं, "आज पाखरं फार ओरडताहेत का गं?" घरात कुणी असं आजारी असेल, तर गाणं-बिणं सगळं नंतर, आधी कान तपासून घ्या. मी इतके दिवस बंद दारापुढे गात होते. शिवाय कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण उपाय करता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानलं जातं, हे मी नंतर वाचलं.

मग मी नीट सुरुवात केली. आईंची धाकटी बहीण झाशीला असते. तिला फोन लावून विचारलं, "मावशी, तुम्ही लहान होता तेव्हा घरात काय काय गायलं जायचं?" साधारण दहा ते पंचवीस या वयात ऐकलेली गाणी सगळ्यात खोल रुजतात आणि उशिरापर्यंत टिकतात. मी मात्र माझ्या तरुणपणातली गाणी आईंच्या माथी मारत होते. मावशी तासभर बोलली. ढोलीबुवांच्या मठातलं कीर्तन, वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेलं. भोंडल्याची गाणी आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा गोंधळ. आजीची पहाटेची भूपाळी. शेजारच्या ठाकूरांकडे लग्नात गायलेल्या बन्ना-बन्नी. आणि विद्यालयातली भूप रागाची सरगम, जी दोघी बहिणी अंथरुणात पडून एकमेकींना म्हणून दाखवायच्या.

हे सगळं मी एका वहीत लिहिलं. पुढे आईंच्या ट्रंकेतून त्यांची विद्यालयातली वहीच मिळाली, पिवळी पडलेली. भातखंडे पद्धतीत लिहिलेल्या सरगमी, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. समेखाली, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेखाली, फुली, खालीच्या जागी शून्य. त्या खुणा मी माझ्या वहीत घेतल्या. जे गाणं आईंना लागलं, त्याच्यापुढे ×. जे रिकामं गेलं, त्याच्यापुढे ०. सोबत वेळ, कशासाठी म्हटलं, किती मिनिटं.

मला गाणं येत नव्हतं. सुरात म्हणता येत होतं, एवढंच. मी सरगम म्हणायचे, आई ओठ हलवायच्या, आवाज निघायचा नाही. काकांनी एक दिवस ऐकलं आणि म्हणाले, "तू तुझ्या सुरात गातेस. त्यांचा सा कुठे आहे?" तरुणपणी आई काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गायच्या, असं मावशी म्हणाली होती. वयाने बाईचा आवाज खाली उतरतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप होतं. काकांनी काळी चारपासून एकेक सूर खाली आणत नेला. पांढरी पाचला आईंनी मान हलवली. पांढरी चारला डोळे मिटले. पांढरी तीनला आईंनी स्वतःहून सा लावला. थरथरता, पण तानपुऱ्यात मिसळून गेलेला. काकांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

त्या दिवसापासून मी माझा आवाज विसरले. पांढरी तीन, लय निम्मी, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबणं. हे थांबणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपण गप्प बसलो की त्यांच्याकडून काहीतरी येतं, पण ते यायला पंधरा-वीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आपणच पुढची ओळ म्हणून टाकतो.

संध्याकाळ आमच्याकडे सर्वांत अवघड असायची. पाच वाजले, उन्हं उतरली की आई चपला शोधायच्या. "मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल." सुरुवातीला हे म्हणायचे, "आई, हेच घर आहे." त्याने भांडण व्हायचं, रडणं व्हायचं. आता साडेचारलाच आम्ही अंगणातला दिवा लावतो, म्हणजे सावल्या लांबत नाहीत, आणि टीव्ही बंद करतो. मी शेजारी बसते, समोर नाही, आणि शुभंकरोतीने सुरुवात करते. मग भूपाची सरगम, मग भोंडल्यातलं एखादं. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. त्याहून जास्त झालं तर कपाळावर आठी येते, हात मांडीखाली जातो. हात मांडीखाली गेला की मी थांबते. रोजच जमतं असं नाही. वहीत शून्यं पुष्कळ आहेत. पण चपला शोधणं आठवड्यातून सात दिवसांवरून दोन-तीन दिवसांवर आलं.

अंघोळीचं श्रेय माझं नाहीच, ते आमच्या कामवाल्या बाईचं. ती मुरारहून येते, बोलते बुंदेलीमिश्रित हिंदी. आई अंघोळीला हात लावू द्यायच्या नाहीत, पाणी अंगावर आलं की किंचाळायच्या. एके सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि न्हाणीघरातून बन्ना ऐकू आला. बाई म्हणत होती, आणि दुसऱ्या ओळीला आईंचा आवाज! ठाकूरांच्या लग्नातले ते बन्ना साठ-सत्तर वर्षं आत कुठे बसले होते कोण जाणे. बाईने पाणी पायांपासून घालत आणलं, प्रत्येक तांब्या ओळीच्या शेवटी, म्हणजे पाणी कधी पडणार ते आईंना आधी कळत होतं. मी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, "बच्चन को ऐसेई तो नहलात हैं, दीदी." मी एवढं वाचत होते, पण हे मला सुचलं नव्हतं.

आता ती गोष्ट लिहिते, जी लिहू की नको असं बरेच दिवस वाटत होतं. मावशीच्या यादीत एक पाळणा होता. एका दुपारी आई पडल्या होत्या, मी सहज म्हणायला घेतला. दोनच ओळी झाल्या असतील. आई उठून बसल्या. कपाटाच्या मागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, गाद्या उचलल्या. "कुठे ठेवलीस? माझी मुलगी कुठे ठेवलीस?" मी मिठी मारली तर मला ढकललं. रात्री आठपर्यंत ते चाललं. मावशीला फोन केला, तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ह्यांच्या आधी आईंना एक मुलगी झाली होती. सात महिन्यांची होऊन गेली. घरात त्यानंतर कुणी तिचा उच्चार केला नाही. आईंच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे त्याच्या साठाव्या वर्षी कळलं.

गाणं आत पोचतं म्हणजे सुखापर्यंतच पोचतं असं नाही. त्या पाळण्यावर मी रेघ मारली आणि घरात सगळ्यांना सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी आईंजवळ बसून विचारलं, "आई, ताई कशी दिसायची गं?" आई म्हणाल्या, "गोरी." एवढंच. पुन्हा तो विषय आला नाही, आम्हीही काढला नाही.

२०२३ मध्ये आम्ही गुरुवारची बैठक सुरू केली. इंग्लंडमध्ये तिथल्या अल्झायमर सोसायटीचा 'सिंगिंग फॉर द ब्रेन' नावाचा उपक्रम २००३ पासून चालतो. आजारी माणूस आणि त्याला सांभाळणारा, दोघं एकत्र येऊन गातात. त्याचं वर्णन वाचून मला वाटलं, हे लष्करात का होऊ नये? गल्लीतल्या देवळाचं सभागृह सकाळी रिकामंच असतं. पहिल्या गुरुवारी तीन घरं आली, आता सहा-सात येतात. खुर्च्या गोलात, माइक नाही, एक पेटी, काकांचा तबला. सुरुवात नेहमी एकाच स्तवनाने, शेवट एकाच आरतीने, म्हणजे आलोय आणि निघायचंय हे शब्दांविना कळतं. मधे चहा आणि थंडीत गजक.

तिथेही ठेचा लागल्या. एका उत्साही कार्यकर्त्याने एकदा ओळखा-पाहू ठेवलं. सुरावट वाजवायची, गाणं ओळखायचं, बक्षीस. एक निवृत्त मास्तर होते, त्यांना नाव आठवेना. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. ते उठले, कोट घातला आणि पुढचे तीन गुरुवार आले नाहीत. मला शंभरातून सात वजा करणाऱ्या आई आठवल्या. "हे गाणं आठवतंय का?", "मी कोण, ओळखलंत का?" हे प्रश्न आपण किती सहज विचारतो! त्या प्रत्येक प्रश्नाने समोरचं माणूस नापास होतं. आता बैठकीत कुणी कुणाला काहीही विचारायचं नाही, असा एकच नियम आहे. म्हणायचं, आणि जागा सोडायची. मास्तर परत आले. ते गात नाहीत, टाळ वाजवतात, आणि कुणाचाही टाळ पुढे पळाला तर डोळे वटारतात.

त्या बैठकीत येणाऱ्या सुना, मुली, नवरे एकमेकांजवळ रडून घेतात, तेही मला गाण्याइतकंच मोलाचं वाटतं. आपल्या देशात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशाने आजारी असावीत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. तेवढ्याच घरांत कुणीतरी संध्याकाळी पाच वाजता चपला लपवत असेल. आणि बहुतेक ठिकाणी ते कुणीतरी एकटं असतं. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, एवढंसुद्धा आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

लोक मला विचारतात, गाण्याने स्मृती परत येते का? नाही येत. मी आशा लावणार नाही. ताज्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात लवकर ढासळतो. जुन्या, घोटलेल्या गाण्यांचं आणि तालाचं काम पाहणाऱ्या भागांपर्यंत आजार बऱ्याच जणांत उशिरा पोचतो. म्हणून दुपारचं जेवण आठवत नाही आणि झपताल चुकत नाही. आजवरचे अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी जे म्हटलंय, तेही माझ्या वहीशी जुळतं. संगीताने उदासी कमी व्हायला मदत होते, वागण्यातला त्रासही काहीसा उतरू शकतो, बुद्धी सुधारते असं दिसत नाही. आईंची परीक्षा पुन्हा घेतली तेव्हा गुण घटलेलेच निघाले. पण त्या दिवशी डॉक्टरांकडे जाताना रिक्षात त्या गुणगुणत होत्या, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच रिक्षात त्या माझा हात चावल्या होत्या. माझ्या दृष्टीने हा फरक थोडा नाही.

२०२४ च्या डिसेंबरात तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष होतं. आई मुलगी असताना वडिलांबरोबर हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीवर जायच्या. न्यायचं मनात होतं. पण रात्रीची थंडी, गर्दी, भोंगे. मी नाही नेलं. हे थोडे नाराज झाले. त्याऐवजी एका साध्या सकाळी, कुणी नसताना, गेलो. चिंचेच्या झाडाशी ह्यांनी एक पान तोडून आईंच्या हातात दिलं. ते खाल्लं की गळा गोड होतो, ही ग्वाल्हेरातल्या प्रत्येक पोराला सांगितलेली गोष्ट. आईंनी पान तोंडात घातलं, आंबट लागलं असावं, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं अर्धं माझ्यापुढे धरलं. "तू खा. तुला लागतं."

आता शब्द जवळजवळ गेलेत. आधी गाण्यातले शब्द गळले, सरगम राहिली. मग सरगमीची अक्षरं गेली, आकार, म्हणजे नुसता 'आ', राहिला. या उन्हाळ्यापासून आकारही कधीतरीच येतो. माझं नाव केव्हाच गेलं. झपताल धरला तर तळहात अजून वळतो, पण खालीच्या जागी येईलच असं नाही. मी आता त्यांच्या हाताखाली माझा हात ठेवते आणि जिथे त्यांची मात्रा पडेल, तिथून पुढे मोजते. काका म्हणतात, सम जिथे वहिनी देतील तिथे.

गेल्या आठवड्यात मला ताप होता, चार दिवस मी उठलेच नाही. पाचव्या दिवशी वही उघडली. तारखा नव्हत्या, वेळ नव्हती, गाण्याचं नावही नव्हतं. बाईला लिहिता येत नाही. पण न्हाणीघराच्या पानावर काळ्या पेन्सिलीने चार खुणा केलेल्या होत्या. पहिल्या दिवशी शून्य. मग फुली, फुली, फुली.